ताण आधी पाहा, जाडी नंतर

वाचकांचे प्रश्न : बेस गिटार आणि फ्लॅटवाउंड तारा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे बेस गिटारच्या फ्लॅटवाउंड, म्हणजे बाहेरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, तारांविषयी आहेत आणि ती चारही सोलापुरातलीच आहेत. या शहरात चादर आणि शेंगाचटणी यांच्या पलीकडे चार माणसे खर्जाच्या तारेचा इतका विचार करत आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या पत्रांची निम्मी उत्तरे त्यातच येऊन जातात.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो. आमच्या घरी यंत्रमाग आहेत. हौशी ऑर्केस्ट्रात सहा वर्षांपासून बेस गिटार वाजवतो; आमचा भर जुन्या हिंदी आणि मराठी गाण्यांवर असतो. वाद्य चार तारांचे, ३४ इंची, जुने विकत घेतलेले असून त्याला सध्या ४५ ते १०५ जाडीच्या राउंडवाउंड तारा आहेत. मला तो जुना, गोल, लाकडी आवाज हवा आहे. फ्लॅटवाउंड घ्याव्यात असे सगळेच सांगतात, पण नेमका कोणता संच घ्यावा हे कोणी सांगत नाही. ४५ ते १०५ जाडीचाच फ्लॅटवाउंड संच घेतला तर चालेल का? नेक (वाद्याचा लांब दांडा) वाकेल का?

उत्तर : घरी माग आहेत, म्हणजे जरीचा धागा तुम्ही कधीतरी उसवून पाहिला असेलच. आत रेशमाचा किंवा सुताचा गाभा असतो आणि त्याभोवती बादला, म्हणजे दाबून चपटी केलेली धातूची बारीक पट्टी, फेऱ्याला फेरा लावून गुंडाळलेली असते. फ्लॅटवाउंड तारेची बाहेरची रचना हीच आहे. फरक इतकाच, की तिचा गाभा पोलादाचा असतो आणि वरची पट्टी बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलची किंवा निकेलची असते. राउंडवाउंड तारेत सर्वांत वरचा थरही गोल तारेचाच असतो. म्हणून तिच्यावरून नख ओढले की कानशीवरून ओढल्यासारखी खरखर ऐकू येते, आणि फ्लॅटवाउंडवरून ओढले की जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

तुम्हाला हवा असलेला गोल आवाज याच पट्टीतून येतो. एकमेकांना चिकटून बसलेले पट्टीचे फेरे तार कंप पावताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात वरचे, तीव्र उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक स्वर) लवकर विझतात. मूळ स्वर आणि त्याच्या जवळचे दोन-चार उपस्वर तेवढे टिकतात. तंबोऱ्याच्या भाषेत बोलायचे तर राउंडवाउंड म्हणजे खुली, झणझणती जवारी आणि फ्लॅटवाउंड म्हणजे बंद, दबलेली जवारी. कारणे दोन्हींकडे वेगळी आहेत, पण कानावर होणारा परिणाम त्याच जातीचा आहे. आसही, म्हणजे स्वर टिकून राहण्याचा काळही, थोडी आखूड होते, आणि जुन्या गाण्यांतल्या बेसचा तो ‘ठुम’ करून लगेच बाजूला होण्याचा गुण बराचसा याच आखूड आसेमुळे येतो.

या आवाजाला आपण जुना म्हणतो, त्यामागे इतिहास आहे. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला, तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षे बेस गिटारवर चपट्या वेष्टनाच्याच तारा असत. रोटोसाउंड या इंग्रज कंपनीने १९६६ साली ‘द हू’ या बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल याच्या साथीने बेससाठी राउंडवाउंड तारा घडवल्या आणि तिथून तो पियानोसारखा झणझणीत आवाज रुळला. अमेरिकेतील मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत ज्याचा बेस ऐकू येतो, तो जेम्स जेमर्सन मात्र शेवटपर्यंत ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारांवरच वाजवत राहिला, आणि तार तुटल्याशिवाय ती बदलायची नाही ही त्याची सवय बेसवादकांत आजही सांगितली जाते.

आता तुमचा खरा प्रश्न. ४५ ते १०५ जाडीच्या राउंडवाउंड तारा आहेत म्हणून त्याच जाडीच्या फ्लॅटवाउंड घ्याव्यात, हे सरळ वाटते. पण बहुतेक जण इथेच फसतात. पाकिटावरचा आकडा तारेची जाडी सांगतो, एका इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे ४५ ची तार १.१४ मिलिमीटर जाड असते. बोटाला मात्र जाडीपेक्षा ताण आधी जाणवतो, आणि ताण तीन गोष्टींवर ठरतो : तारेची मोकळी लांबी (तुमच्याकडे ३४ इंच), तिला लावलेला स्वर आणि तिचे दर मीटरमागचे वजन. लांबी आणि स्वर तुमच्या वाद्यावर ठरलेलेच आहेत, म्हणून प्रश्न उरतो तो वजनाचा. गोल तारा शेजारी शेजारी बसवल्या की त्या थरातील जागेचा सुमारे पाचवा भाग फटींत, म्हणजे हवेत जातो. चपट्या पट्टीत ही फट जवळजवळ राहत नाही. त्यामुळे जाडी तीच ठेवून गोल वेष्टनाऐवजी चपटे वेष्टन घेतले, की सर्वसाधारणपणे तार जड होते आणि त्याच स्वराला जास्त ताणावी लागते. शिवाय ती अंगानेही ताठर असते. जी आणि डी या वरच्या दोन तारांवर हा फरक इतका जाणवतो, की पहिल्या दिवशी बरेच जण ‘ही तार आहे की सळई’ असे म्हणतात.

आकडाच हवा असेल तर तोही देतो. ३४ इंची वाद्यावर खालची ई तार ४१ हर्ट्झला लावताना तिच्यावर १८ किलो ताण यावा असे वाटत असेल, तर त्या तारेचे वजन मीटरला सुमारे ३५ ग्रॅम असावे लागते. चारही तारा मिळून नेकवर सत्तर ते ऐंशी किलोंच्या आसपास भार येतो, म्हणजे सिमेंटचे दीड पोते. नेक हा भार रोजच सोसत असतो. फ्लॅटवाउंडमुळे त्यात काही किलोंची भर पडते, एवढेच. धडधाकट नेक एवढ्याने मोडत नाही. तो थोडा पुढे झुकतो, आणि तो झुकाव काढण्यासाठीच आत ट्रस रॉड, म्हणजे फिरवून घट्ट-सैल करता येणारा धातूचा दांडा, बसवलेला असतो.

तारा विकत घेण्याआधी घरीच एक प्रयोग करा. त्याला पैसे लागत नाहीत. सध्याच्या तारा अर्ध्या स्वराने चढवा, म्हणजे ई ची एफ करा, आणि एक संध्याकाळ वाजवा. अर्धा स्वर चढवला की ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. हे बोटांना आवडले, तर मध्यम किंवा जड ताणाचा फ्लॅटवाउंड संच तुमचा. नको वाटले, तर अर्धा स्वर उतरवून पाहा. ताण ११ टक्क्यांनी कमी होतो. तसे वाजवताना बरे वाटले, तर कमी ताणाचा संच शोधा. प्रयोग झाल्यावर तारा पुन्हा मूळ स्वरावर आणायला मात्र विसरू नका. तालमीत सगळे एकीकडे आणि आपण दुसरीकडे, हा प्रसंग माझ्यावर आलेला आहे.

आता प्रत्यक्ष संच. तुमच्या वाद्यासाठी मी तीन संच डोळ्यांसमोर ठेवीन. पहिला डॅडारिओ कंपनीचा क्रोम्स, ४५-६५-८०-१०० जाडीचा. आजच्या राउंडवाउंडवरून येणाऱ्याला तो सर्वांत कमी परका वाटतो, कारण फ्लॅटवाउंडमध्ये तो उजळ आवाजाचा आहे. नवीन असताना तर चांगलाच खणखणीत वाजतो आणि काही आठवड्यांनी निवतो. दुसरा ला बेलाचा ५२-७३-९५-११० जाडीचा संच, ज्याच्याशी जेमर्सनचे नाव जोडलेले आहे. हा आवाज म्हणजे शुद्ध लाकूड आहे, पण ताणही तसाच आहे, आणि तुमच्या नटच्या (नेकच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा १०५ साठी कापलेल्या असतील तर ११० ची ई तार खाचेत खाली बसणार नाही. ती वर तरंगेल, आणि पहिल्या दोन फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पडद्यांवर) दाबताच स्वर चढा लागेल. खाच रुंद करून घेतल्याखेरीज हा संच लावू नका, आणि एकदा रुंद केलेली खाच पुन्हा अरुंद होत नाही हेही ध्यानात ठेवा. तिसरा व्हिएन्नाच्या टोमास्टिक-इन्फेल्डचा जॅझ फ्लॅट, ४३-५६-७०-१००. निकेलच्या पट्टीची ही तार इतरांहून स्पष्टपणे मऊ आहे. तिची ई तार क्रोम्सइतकीच १०० जाडीची आहे, तरी तिच्यावरचा ताण कमी, कारण आतली घडण वेगळी. जाडीच्या आकड्यावर विसंबू नये म्हणतो ते याचसाठी. किंमत मात्र तिन्हींत हिचीच सर्वांत चढी.

तुमचे पत्र वाचून माझा कल क्रोम्सकडे आहे. कारण तुम्ही ऑर्केस्ट्रात वाजवता, आणि ऑर्केस्ट्रात ढोलकी असते, तबल्याचा डग्गा असतो, शिवाय ऑक्टोपॅडवाला खालचा ठोका भरून काढत असतो. या गर्दीत अगदी अंधारा आवाज घेऊन बसलात, तर पहिल्या रांगेतल्या माणसाला बेस आहे एवढे कळेल, पण कोणता स्वर आहे ते कळणार नाही. लहान स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा मूळ स्वर फारसा बाहेर पडतच नाही. कान तो उपस्वरांवरून ओळखतो, आणि उपस्वरच कमी असतील तर ओळखणार कशावरून? म्हणून सुरुवातीला वाद्यावरचा टोनचा नॉब पूर्ण उघडा ठेवा. अॅम्प्लिफायरवर १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा उतरवून डग्ग्याला वाट करून द्या आणि ७०० ते ८०० हर्ट्झचा भाग किंचित चढवा. घरी एकट्याने ऐकताना हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल. तरी तालमीत सगळे वाजू लागल्यावरच निर्णय करा.

तारा मागवताना लांबी नीट पाहा. माझ्याकडे एकदा पुण्याहून मागवलेला संच आला, पाकीट बरोबर होते आणि आत तारा मध्यम लांबीच्या, ३२ इंची वाद्याच्या होत्या. तारेच्या टोकाला रंगीत रेशमी वेष्टन असते. ते नट आणि खुंटी यांच्या मध्ये सुरू व्हायला हवे. त्या संचात ते पहिल्या फ्रेटवरच येऊन बसले. हे टाळायचे तर आपल्या वाद्यावर तार जिथे अडकते ते टोक आणि नट यांमधले अंतर टेपने मोजून ठेवा आणि तारेचा चपट्या वेष्टनाचा भाग त्याहून थोडा लांब आहे याची खात्री करून घ्या. तुमच्या वाद्यात तारा पाठीमागून, लाकडातून ओवायची सोय असली, तरी फ्लॅटवाउंड शक्यतो ब्रिजवरूनच (वाद्याच्या अंगावर तारा धरून ठेवणाऱ्या भागावरूनच) लावा. पाठीमागच्या तीव्र वळणावर पट्टी उचकटण्याचा किंवा चिरण्याचा धोका असतो.

बसवताना एक चूक मी स्वतः केलेली आहे, ती सविस्तर सांगतो. पहिल्यांदा फ्लॅटवाउंड लावत होतो तेव्हा राउंडवाउंडच्या सवयीने ए ची तार आधी अंदाजाने कापली आणि मग खुंटीत घालायला गेलो. कापताक्षणी बारीक ‘टिक’ असा आवाज झाला आणि टोकाकडची पट्टी अर्ध्या फेऱ्याने सैल पडली. डोळ्याला फारसे काही दिसले नाही. पण चढवल्यावर ती तार ठार मुकी निघाली : ठोका लागे, आस शून्य. सैल झालेली पट्टी आत सरकत गेली होती. तेव्हा क्रम असा ठेवा. तार खुंटीपर्यंत ताणून धरा, खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर सोडा, तिथे चिमट्याने तारेला काटकोनात पक्के वळण द्या, आणि त्या वळणाच्या पुढे, रेशमी भागातच कापा. टोक खुंटीच्या भोकात सरळ घाला, तारेला पीळ बसू देऊ नका आणि फेरे वरून खाली उतरत जाऊ द्या. दोन-तीन फेरे पुरेत.

तारा चढवल्या की वाद्य एक रात्र तसेच राहू द्या. सकाळी पुन्हा स्वरात लावा. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट पाहा. साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, एवढी फट ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि मग पुन्हा काही तासांची सवड. हे काम आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भर दुपारी करू नये. बाहेर पारा चाळिशीच्या वर असतो, लाकूड कोरडे पडलेले असते, आणि दुपारी केलेली जुळवणी रात्री कार्यक्रमाच्या वेळी दुसरेच काही सांगू लागते. शेवटी ब्रिजवरची सॅडल (तार जिच्यावर टेकते ती घोडी) पुढे-मागे करून बाराव्या फ्रेटचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात आणा. नवीन संचाबरोबर हे करावेच लागते.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. चर्चमधील गायनवृंदाला दोन वर्षांपासून बेस गिटारची साथ करते. वाद्य ३० इंची, लहान लांबीचे आहे. बोटांची टोके दुखतात आणि बोटे सरकवताना येणारी खरखर ध्वनिवर्धकातून सगळ्यांना ऐकू येते. फ्लॅटवाउंडचा ताण जास्त असतो असे ऐकून घाबरले आहे.

उत्तर : ताई, तुम्ही घाबरायचे कारण नाही, कारण तुमचे वाद्यच तुमच्या बाजूने आहे. एकच तार, एकच स्वर, पण मोकळी लांबी ३४ ऐवजी ३० इंच, एवढ्या फरकाने ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे ३४ इंची वाद्यावर जो संच सळईसारखा वाटतो, तोच तुमच्याकडे माणसाळलेला लागतो. उलट लहान वाद्यावर राउंडवाउंडची ई तार कित्येकदा लुळी पडते. तिला फ्लॅटवाउंडचा ताठरपणा उपकारकच ठरतो. बोटांची टोके दुखतात ती काही अंशी ताणामुळे आणि बरीचशी त्या कानशीसारख्या पृष्ठभागामुळे. तो पृष्ठभाग गेला की पंधरवड्यात फरक कळेल, आणि खरखर तर पहिल्याच रविवारी थांबेल.

संच मात्र लहान लांबीचाच मागवा. लांब संच आणून कापून लावू, हा विचार करू नका. जाड वेष्टन खुंटीवर गुंडाळावे लागते आणि वरच्या उत्तरात सांगितलेला पट्टी सैल पडण्याचा घोटाळा इथे हमखास होतो. एक गोष्ट पत्रात लिहिलेली नाही, पण विचारतो : वाद्याच्या तारा फ्रेटपासून फार उंच नाहीत ना? बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त जागा असेल, तर कोणतीही तार लावली तरी बोटे दुखणारच. आधी सॅडल खाली घ्या, मग तारांवर पैसे खर्च करा.

प्रश्न : मी अनेक वर्षे सतार शिकलो आणि आता फ्रेट नसलेला बेस घेतला आहे. मींड आणि आस दोन्ही हवी आहेत. काळ्या नायलॉनच्या पट्टीच्या तारा चांगल्या की फ्लॅटवाउंड? आणि फिंगरबोर्ड झिजेल का?

उत्तर : राउंडवाउंडने फिंगरबोर्ड झिजतो, विशेषतः शिसवीचा. सतारीत तार पितळेच्या पडद्यावर घासते. इथे ती थेट लाकडावर घासते, आणि वर्षभर मींड घेतल्यावर लाकडात बारीक चर पडलेले उजेडात दिसतात. फ्लॅटवाउंडने ही झीज फारच मंदावते आणि नायलॉनने जवळजवळ थांबते. पण निवड झिजेवरून करू नका.

तुम्हाला सतारीतून आलेला कान आहे, म्हणून तुम्ही काय शोधता आहात याचा अंदाज मी करू शकतो. फ्रेट नसलेल्या बेसवर स्वर लावल्यानंतर तो जो फुलत जातो, त्याचे कारण जवारीच्या फार जवळचे आहे : कंप पावणारी तार बोटाच्या पुढच्या भागात लाकडाला अलगद स्पर्श करत राहते आणि त्या स्पर्शातून उपस्वर उमटतात. हा स्पर्श घडायचा तर तार खाली हवी, नेक जवळजवळ सरळ हवा आणि तार फार ताठर नको. म्हणून जड संच तुमच्या उपयोगाचा नाही. टोमास्टिकचा मऊ जॅझ फ्लॅट इथे त्याची किंमत वसूल करतो. फ्लॅटवाउंडमध्ये आस एवढी लांब देणाऱ्या तारा थोड्या आहेत. नायलॉनच्या तारेच्या आत धातूच असतो, त्यामुळे पिकअपला, म्हणजे तारेचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागाला, ती चालते. मात्र ती जाड असते, रोटोसाउंडच्या नायलॉन संचात ई ची तार ११५ ची आहे, आणि नटच्या खाचा वाढवाव्या लागतात. तिचा आवाज उभ्या, गजाने वाजवायच्या बेसची आठवण करून देणारा, गोड आणि थोडा ओला असतो. मींड तिच्यावर लोण्यासारखी सरकते, पण स्वराचे टोक तितके नेमके ऐकू येत नाही, आणि ज्याने वर्षानुवर्षे कोमल निषादाची जागा कानाने शोधली आहे त्याला ते टोक हवे असते. मी तुमच्या जागी असतो तर मऊ फ्लॅटवाउंडने सुरुवात केली असती.

अर्ध्या वाटेच्या तारांबद्दलही तुम्ही ओझरते विचारले आहे : गोल वेष्टन गुंडाळून वरून घासून सपाट केलेल्या. त्या वाईट नाहीत. मला मात्र त्यांत दोन्हींचे गुण अर्धे अर्धेच मिळाले.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, मेटल संगीत वाजवतो. त्याने फ्लॅटवाउंड तारांचा हट्ट धरला आहे. दुकानदार म्हणाला, त्या म्हाताऱ्यांच्या तारा. किंमत राउंडवाउंडच्या दुपटीहून जास्त. शिवाय मुलगा जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा लावतो, तसे यांचे करता येईल का?

उत्तर : उकळण्याचे आधी सांगतो : नाही. उकळल्याने राउंडवाउंडच्या खाचांतला घाम आणि मळ निघतो आणि चार दिवस आवाज उजळतो. फ्लॅटवाउंडला खाचाच नसतात. पट्टीखाली पाणी शिरले तर आतला पोलादी गाभा गंजायची भीती, आणि मिळवायचे काहीच नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसल्या की पुरे. सोलापुरात टॉवेलांची वानवा नाही.

किमतीचा हिशेब वर्षांत करा. राउंडवाउंडचा उजळपणा नियमित वाजवणाऱ्याकडे काही आठवड्यांत मावळतो आणि मग नवीन संच येतो. फ्लॅटवाउंड पाच-पाच वर्षे चालतात, आणि बऱ्याच वादकांना त्या जुन्या झाल्यावरच जास्त आवडतात. फ्रेटही कमी झिजतात, आणि फ्रेट बदलणारा कारागीर गाठायचा म्हणजे सोलापूरकराला हातातले काम सोडून पुणे गाठावे लागते.

‘म्हाताऱ्यांच्या तारा’ हे दुकानदाराचे मत तुमच्या मुलाने बहुधा ऐकूनच सोडून दिले असेल. ‘आयर्न मेडन’ या मेटल बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंडच वाजवतो. रोटोसाउंडने त्याच्या नावाने ५०-७५-९५-११० जाडीचा संच काढलेला आहे. त्याचा तो टपाटप घोडा दौडल्यासारखा आवाज बोटांच्या जोरातून आणि वरचे स्वर चढवलेल्या अॅम्प्लिफायरमधून येतो. तेव्हा हट्ट अज्ञानातून आलेला नाही. त्याला एवढेच विचारा, की तो अंगठ्याने ठोकून वाजवण्याची, स्लॅपची शैलीही शिकतो आहे का. शिकत असेल तर थांबा, कारण त्या शैलीला लागणारा झणत्कार फ्लॅटवाउंड देत नाहीत आणि महिन्याभरात तो पुन्हा जुन्या तारा मागेल. शिकत नसेल तर घेऊन द्या. पण थेट ५० ते ११० चा संच नको, आधी ४५ ते १०० चा. कोवळ्या मनगटाने जड ताणावर रोज दोन तास दौड मारली तर मनगट दुखणार, आणि मग तारा, मेटल आणि दुकानदार या सगळ्यांनाच घरात बोल लागेल.

काढलेल्या राउंडवाउंड तारा टाकून देऊ नका. सैल वेटोळे करून, कोणती तार कुठली याची चिठ्ठी बांधून ठेवा. फ्लॅटवाउंडही काढल्यास तशाच ठेवता येतात, मात्र पुन्हा लावताना खुंटीवरचे वळण त्याच जागी आले पाहिजे. म्हणून कापताना दहा-बारा सेंटिमीटरांत काटकसर करू नये.